मोठ्या आईने वळलेला बर्फ

पांढुर्ण्यात आजवर एकदाच बर्फ पडला, आणि तो माझ्या मोठ्या आईने वळून पिशवीत भरला.

पडला तो आमच्या मॉलमध्ये. त्याला मॉल म्हणायला जिगर लागायची! दोन मजले, खाली भांडी, वर साड्या आणि मधोमध सरकता जिना. तो सरकला फक्त उद्घाटनाच्या दिवशी. (नंतर विजेचं बिल आलं.) पुढे लोक त्याच्या पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम खात. आता मी नागपुरात राहते. इथले सगळे जिने सरकतात, पण बसू कोणी देत नाही. मला आपला आमचाच मॉल आवडतो, त्यातही नाताळातला. नाताळ आमच्या घरी नव्हता, गल्लीत नव्हता, पण मॉलमध्ये होता आणि तिथे तो सगळ्यांचा होता.

मी सहावीत असताना मॉलच्या शेठने कमालच केली. स्वतःच्या जिनिंग कारखान्यातून कापसाची रुई आणून नाताळच्या झाडावर थर चढवला, झाडाखाली बर्फाचा डोंगर उभा केला. नाताळच्या संध्याकाळी त्या बर्फात सांताक्लॉजसोबत फोटो, तोही फुकट!

हा फोटो म्हणजे माझ्या अब्रूचा प्रश्न होता. वर्गातली शिल्पा मनालीला जाऊन आली होती आणि तिथला बर्फातला फोटो दप्तरात घेऊन फिरायची. एक दिवस मला राहवलं नाही. "माह्याबी बर्फातला फोटो येऊन राहिला!" मी सगळ्या वर्गासमोर ठणकावून सांगितलं. आता फोटो निघाला नसता तर शाळा सोडून सौसरलाच पळून जावं लागलं असतं.

आई-बाबा संत्र्याच्या तोडणीत अडकलेले, म्हणून सोबत मोठी आई आली. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. तिने त्या वर्षी लाखवातीचा नेम धरला होता. देवापुढे लाख वाती लावायच्या आणि त्या सगळ्या हाताने वळायच्या! त्यामुळे तिची बोटं झोपेतसुद्धा वळवळत असत.

फोटोची रांग लांबलचक होती. मला वरच्या दुकानातल्या आरशात वेण्या पाहायच्या होत्या.

"मोठी आई, तू इथंच झाडापाशी बस. जागा सोडू नको."

"नाई सोडत व. जाय तू."

आरशापुढे मी किती वेळ काढला ते विचारू नका. (लाल स्वेटरवर कोणती रिबीन, हा प्रश्न सोपा नसतो.) खाली आले तर रांगेच्या जागी बायकांचा घोळका! मला वाटलं, भजन आहे. तोंडं चालू होती आणि हात त्याहून जोरात. झाड बोडखं झालं होतं. बर्फाच्या डोंगराच्या जागी वाळक्या तणसाने भरलेली युरियाची पोती उघडी पडली होती.

"मोठी आई! काय करून राहिली व?"

"वाती," मान वर न करता ती म्हणाली. "बिना सरकीचा कापूस, पोरी! घरी सरकी काढता काढता बोटं दुखतात माह्यी. अन् ह्या बायका किती चांगल्या! लाखवात म्हटल्याबरोबर सगळ्यायनं हात लावला."

"अवो, तो बर्फ होता!"

"बर्फ? मंग वितळला नसता का बाप्पा!"

तेवढ्यात शेठ धावत आले. "कोनं केलं हे?" ते गरजले.

"वरडू नको," झाडामागून आवाज आला. शेठची सख्खी आई! मांडीवर वातींचा ढीग! "पुण्याचं काम करून राहिलो आम्ही. तू जाय आपल्या गल्ल्यावर."

शेठ गेले. मी भोकाड पसरलं. तेव्हा कुठे मोठ्या आईला कळलं, की आपल्या हातून पोरीचं काहीतरी फार मोठं गेलं. तिचा चेहरा उतरला. तिने दोन वाती उलगडून पाहिल्या, पण त्यांचा बर्फ होईना. मग तिची नजर सांताक्लॉजवर, म्हणजे मॉलच्या वॉचमनवर गेली.

"दादा, तुमची दाढी कायची हाय?"

"मावशी, नाई!" त्याने दाढी दोन्ही हातांनी धरली. "माह्यी ड्यूटी हाय!"

तो जिन्यावर पळाला. बायकांनी त्याला चौथ्या पायरीवर गाठला आणि पाठोपाठ दाढी खाली आली.

मोठ्या आईने ती पिंजून, चिमटी चिमटीने माझ्या डोक्यावर, खांद्यांवर सोडली. "पाय, पडला बर्फ!" म्हणताना तिचे डोळे भरून आले. माझेही आले. पोत्यांवर बसून, हनुवटी चोळणाऱ्या सांताशेजारी मी फोटो काढला, आणि त्या क्षणी मला मनाली अगदीच फालतू वाटली.

शाळा उघडल्यावर फोटो वर्गभर फिरला. शिल्पाने तो खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. ती हसली नाही. उलट मला बाजूला घेतलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, अगदी मायेने म्हणाली,

"दह्यात लिंबू पिळून लावत जा व. माह्या आईचा कोंडा त्यानंच गेला!"