विकू नका, फक्त अडवू नका

सोमवारी सकाळी माझा नवरा दूध घेऊन आला, खुर्चीत बसला आणि गेला.

त्याच्यासमोर टेबलावर एक फोन होता, वायरने मॉनिटरच्या पडद्याला जोडलेला. चहा होईपर्यंत तो त्यावर काम करत बसे. तेराव्यानंतर त्याचा ऑफिसातला मित्र फोन न्यायला आला, कारण फोन कंपनीचा होता. वायर काढता काढता थांबला आणि म्हणाला, "वहिनी, राहू देऊ का थोडे दिवस?"

"न्या," मी म्हटलं. "काम अडायला नको."

आम्ही मूळचे लातूरकडचे. त्याला हिंजवडी जवळ पडावी म्हणून चांदे गावात घर घेतलं. मी पौडला कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्याची कंपनी लहान होती आणि ती एकच फोन बनवत होती. पडद्याला जोडला की तो कॉम्प्युटर व्हायचा. कॉम्प्युटरवर मालक हवं ते बसवतो, तसं यातही बसवता येणार होतं. बाजारात यायची तारीख मात्र सारखी पुढे जायची. कधी बॅटरी तापायची, कधी सुटे भाग यायचे राहायचे.

या उशिराचं मोबाईल नेटवर्क चालवणाऱ्या कंपन्यांना वाईट वाटत नव्हतं. त्यांच्या मान्यतेशिवाय फोनवर नीट कॉल लागणार नव्हते, आणि त्यांतल्या मोठ्या कंपनीची अट होती की फोनला कुलूप घाला, आम्ही देऊ तेवढेच प्रोग्रॅम त्यात चालले पाहिजेत.

हे त्याने मला ग्रंथालयाच्या भाषेत समजावलं होतं. "पूर्वी तुमच्याकडे वाचक काउंटरवर चिठ्ठी द्यायचा आणि शिपाई पुस्तक आणायचा. आता वाचक स्वतः कपाटाशी जातो. त्यांना चिठ्ठी हवी आहे. मला कपाट उघडं हवंय."

"उघड्या कपाटात लोक पुस्तकं भलतीकडे ठेवतात," मी म्हटलं.

"ठेवू देत. तू लावतेसच ना पुन्हा."

तो असताना एका रविवारी फोनच्या चाचणीसाठी ताम्हिणीच्या रस्त्याने जायचं होतं. मीही गेले. मागच्या सीटवर त्या मोठ्या कंपनीचा माणूस होता. त्याच्या मांडीवर दोन फोन होते, एक आमचा, एक दुकानातला. घाटात रेंज गेली. दुकानातला फोन टॉवर शोधून शोधून तापला. आमचा गप्प पडून राहिला.

"साहेब, तुमचा गेला की," तो माणूस म्हणाला. त्याला जरा आनंदच झालेला दिसला.

ढाब्यावर थांबलो तेव्हा भाकरी वाढणाऱ्या बाईंनी फोन पाहिला. "ह्यो फोन हाय का कंप्युटर?"

"दोन्ही, मावशी."

"दोनी डगरींवर पाय? मान्सासारखाच पडायचा की मग."

सगळ्यांत जास्त माझाच नवरा हसला.

पुढे रेंज आली. दुकानातल्या फोनने एकदम सगळं ओढायला सुरुवात केली आणि मध्येच अडकला. आमच्यावर एक निरोप आला, थोड्या वेळाने दुसरा. तो माणूस दोन्हीकडे बघत राहिला.

"समोर टॉवर नसेल तर हाका मारत बसायचं नाही," नवरा म्हणाला, "एवढं त्याला शिकवलंय."

"टॉवरवर ओझं येणार नाही, ते कळलं. पण आमच्या वरच्यांना ओझ्याची नाही, ताब्याची काळजी आहे. खरं सांगू का साहेब? तुमचा उशीर आम्हाला बरा पडतो. नाही म्हणायचं काम वाचतं."

"मग नाही म्हणूच नका," नवरा म्हणाला. "विकूही नका. फक्त अडवू नका."

नवरा गेल्यावर मला हेच वाक्य आठवत राहिलं. मित्र स्वभावाने मऊ, कंपनी थकलेली. आता भांडायला कोणी उरलं नाही, तेव्हा कुलूप घालून मोकळे होतील, असं मला वाटे. विचारायचं धाडस झालं नाही. माझ्या डोळ्यांसाठी नवऱ्याने वाचनाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. मोठं अक्षर, एका वेळी एकच पान, मध्येच काही टपकत नाही. तो पेनड्राइव्हवर होता. कुलूपबंद फोनमध्ये तो गेला नसता.

पावसाळा सरल्यावर मित्र एक खोकं घेऊन आला. "वहिनी, आला शेवटी." तो पुढे काही सांगणार होता. मी म्हटलं, "थांबा जरा," आणि पेनड्राइव्ह आणून खोक्यातल्या फोनला जोडला. फोनने विचारलं, बसवू का? मी 'हो' दाबलं. पान उघडलं.

मी पहिली ओळ वाचली. मग तो सांगू लागला.

"मोठी कंपनी आपल्या दुकानात हा ठेवणार नाही. पण कॉल लागू देणार आहे. एवढ्या उशिरात त्यांचं लक्ष दुसऱ्या फोनांकडे गेलं, कुलपाची अट कोणी धरून बसलं नाही. तुमच्याबरोबर घाटात आलेला तो माणूस म्हणाला म्हणे, टॉवरला त्रास नाही, जाऊ द्या. फार खपणार नाही, वहिनी."

"न खपू दे. अडवला नाही ना?"

"नाही."

मग त्याने स्वतःचा फोन काढून समोर ठेवला आणि म्हणाला, "सिम घातलंय, लावून बघा." कॉल लागला. एकाच टेबलाशी समोरासमोर बसून आम्ही हॅलो म्हटलं, आणि दोघांनाही हसू आलं. मी पोहे केले. कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्ले.

खुर्ची तिथेच आहे. फोन टेबलावर आहे. सकाळी चहा होईपर्यंत मी त्यावर वाचते.