संत्र्याच्या हाताची शार्दोने

“आज तोडाई होणार नाई, मॅडम.” मळ्याच्या फाटकात आडवे उभे राहून वासुदेवराव म्हणाले. माझ्यामागे क्रेट घेतलेल्या बाया आणि डोक्यावर चढत चाललेलं ऊन.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. नागपूरजवळच्या एका लहान वायनरीत मी केमिस्ट होते. धरमपेठेतल्या आमच्या मालकांनी हौसेनं शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाच्या वेली आणवल्या आणि वासुदेवरावांच्या स्वाधीन केल्या. वासुदेवराव मुळात संत्र्याचे बागाईतदार. वेली त्यांनी लेकरासारख्या वाढवल्या. पण मालकांनी बजावलं होतं, पहिली वाइन हलकी, फळांच्या वासाची झाली नाही तर वेली उपटायच्या. वेली गेल्या की माझी नोकरीही गेली.

“काहून नाही?” मी विचारलं.

“गोडी भरून राहिली ना अजून. आठ दिवस थांबा.”

माझा संताप झाला. द्राक्षातल्या साखरेची दारू होते, पण वाइनला ताजेपणा देतो तो आंबटपणा. थंड मुलखात फळ सावकाश पिकतं, दोन्ही जुळून येतं. आमच्याकडे साखर भराभर चढते आणि आंबटपणा रोज उतरतो. माझ्या चाचणीत तो घसरायला लागला होता. हे सगळं त्यांना सांगून झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी विचारलं, “पिकलेलं संत्रं झाडावरच ठेवलं तर काय होतं?”

“पोलं होते. साल सुटते, रस आटते.”

“आणि चव?”

“फिकी पडते.” त्यांनी वळून वेलींकडे पाहिलं. मग फाटकातून बाजूला होत बायांना म्हणाले, “चला वं, लवकर.”

रस टाकीत पडला, आंबायला लागला आणि भर दुपारी लाइट गेली. कूलिंग बंद. आंबताना रस तापतो, जास्त तापला की फळांचा वास उडून जातो. आम्ही टाकीला बारदान गुंडाळलं, बर्फाच्या लाद्या लावल्या. संध्याकाळी लाइट येईपर्यंत वासुदेवराव बारदानावर पाणी मारत होते.

तेवढ्यात मालक आले. “पुढे लाकडी पिंपात भरू. भारदस्त होईल.”

“लाकडाचा वास फळावर चढेल, साहेब. मग हलकी राहणार नाही.”

“बिघडली तर तुम्ही जबाबदार.”

“मीच.”

बाटल्या भरल्या तेव्हा मालकांनी ग्लास हुंगला आणि म्हणाले, “हिरवं सफरचंद?” वेली वाचल्या. वासुदेवरावांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “आंबट हाये.”

पुढच्या वर्षी थंडी ओसरायच्या आतच ते प्रताप नगरला माझ्या दारात हजर. “चला मॅडम, बाया सांगून ठेवल्या. नाईतर पोलं होईन.”

मळ्यात जाऊन एक मणी चावला. दात आंबले.

“गोडी भरू द्या, वासुदेवराव,” मी म्हटलं, “आठ दिवस थांबा.”

माणसाला एखादी गोष्ट पटवणं अवघड खरंच. पटल्यावर त्याला आवरणं त्याहून अवघड.