बुद्धीची खाच

मिस्त्रींची आणि माणसाच्या मेंदूची पहिली भेट एका निळ्या बादलीत झाली. म्हणजे मेंदू बादलीत होता आणि मिस्त्री बाहेर. पण पुढच्या अर्ध्या मिनिटात मिस्त्रींनी जो पराक्रम केला तो पाहता, दोघांपैकी मेंदू नक्की कुणाकडे होता याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

ते आले होते वैद्यकीय कॉलेजच्या शरीररचना विभागात, छताचं पडलेलं प्लास्टर दुरुस्त करायला. प्लास्टर कालवायला पाणी हवं होतं. कोपऱ्यात झाकलेली बादली दिसली. झाकण काढून त्यांनी हात घातला, आणि हाताला गार, जड, वळ्यावळ्यांचं काहीतरी लागलं. त्यांनी ते वर काढलं आणि उजेडात धरलं.

त्यानंतरची किंकाळी कॉलेजच्या इतिहासात नोंदली गेली नाही हा इतिहासाचा दोष. छपरावरची कबुतरं उडाली ती पंधरा दिवस फिरकली नाहीत. आतल्या टेबलावरची दोन प्रेतंसुद्धा दचकली, असं विभागाचा शिपाई आजही शपथेवर सांगतो. खाली यायला बावीस पायऱ्या होत्या. मिस्त्रींनी त्यातल्या दोनच वापरल्या. थापी वर राहिली म्हणून ते परत आले, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती.

दारात विभागप्रमुख उभे होते. त्यांना सगळे मोठे सर म्हणत.

"घाबरू नका, चावत नाही तो."

"काय आहे हे साहेब?"

"माणूस."

"कुठला?"

"तेच तर कुणाला माहीत नाही. असाच एक तुमच्याही डोक्यात आहे."

मिस्त्रींनी नकळत टोपी चाचपली. "वजन किती असेल?"

"सव्वा किलोच्या थोडं वर."

"बस? माझी हत्यारांची पिशवी चार किलोची आहे."

"म्हणून तर तिला विचार करता येत नाही," मोठे सर म्हणाले, आणि त्यांनी मिस्त्रींना चहा पाजून नोकरीला लावलं.

काम असं होतं. खरा मेंदू लहान, मऊ आणि मोजकाच मिळणारा. मागच्या बाकावरच्या मुलांना तो दिसत नसे, आणि पुढच्या बाकावरची मुलं हाताळून हाताळून त्याचा चिखल करत. मोठ्या सरांना दुप्पट आकाराचा प्लास्टरचा मेंदू हवा होता. आधी मातीत घडवायचा, मग मातीवरून साचा घ्यायचा, मग साच्यातून हवे तेवढे मेंदू ओतायचे. मिस्त्रींनी तोवर छताची वेलबुट्टी केली होती, खांबांवरची पानं केली होती, एका नाटक कंपनीला सिंहासन करून दिलं होतं. मेंदू म्हणजे वेलबुट्टीच, फक्त शिस्त नसलेली, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

शिस्त आहे, हे त्यांना बोटांनी कळत गेलं. दोन अर्धगोल, मध्ये खोल फट. वरून खाली तिरपी येणारी एक मोठी भेग, तिच्या पुढचा पट्टा हातपाय हलवणारा, मागचा पट्टा स्पर्श ओळखणारा. कानाच्या बाजूला ऐकण्याचं खातं. बघण्याचं खातं मात्र थेट डोक्याच्या मागच्या भिंतीला. डोळे पुढे आणि बघणारा मागे! "हे कुठल्या कंत्राटदाराचं काम?" असं मिस्त्रींनी मोठ्या सरांना विचारलं होतं. सगळ्यात पुढे, कपाळामागे, विचार करून थांबण्याचं खातं. ते सगळ्यात शेवटी, माणूस पंचविशीला आला की पुरं होतं. मिस्त्रींचं लग्न चोविसाव्या वर्षी झालं होतं. त्यांनी ही माहिती घरी सांगितली, आणि मिस्त्रीणबाई आठवडाभर मुद्द्यापुरतं बोलल्या.

पोटातल्या बाळाच्या मेंदूचीही एक रांग त्यांनी केली. पाचव्या महिन्यातला मेंदू नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. मग हळूहळू घड्या पडत जातात, आणि जन्माच्या वेळी सगळ्या मोठ्या वळ्या हजर. "चादर मोठी आणि पिशवी लहान," मिस्त्री मुलांना सांगत, "चुरगळल्याशिवाय मावेल कशी?" मुलं हे उत्तर परीक्षेत थोडं नटवून लिहीत आणि पास होत.

तर तो मोठा मेंदू मातीत जवळजवळ पुरा झाला होता. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागावर मिस्त्री शेवटचा हात फिरवत होते, तेवढ्यात त्यांना उचकी लागली. मिस्त्रीणबाई तेव्हा माहेरी होत्या. त्यांनी आठवण काढली असावी, आणि बहुधा चांगल्या कारणासाठी नसावी, कारण उचकी जबर होती. हात हलला आणि डाव्या अंगठ्याचं नख मातीत रुतलं. त्या नखावर उमेदवारीच्या काळात हातोडा पडला होता, तेव्हापासून ते मधोमध चिरलेलं होतं. त्यामुळे मातीत उमटली ती मध्ये तुटलेली चंद्रकोर. पुसावी म्हणून मिस्त्रींनी बोट ओलं केलं, तोच मोठे सर आले.

"झालं का?"

मेंदू बघायला आलेले पाहुणे बाहेर थांबले होते. "झालं," मिस्त्री म्हणाले.

साचा निघाला. साच्यातून अकरा मेंदू निघाले आणि अकराही मेंदूंवर चंद्रकोर निघाली. पहिले काही दिवस मिस्त्रींना ती डोळ्यांत खुपे. मग सवय झाली. मग विसर पडला.

दोन वर्षांनी एक लहानखुरी विद्यार्थिनी त्यांच्या कारखान्यात येऊन प्लास्टरच्या पोत्यावर बसून रडली. मेंदू पाठच होत नव्हता. मिस्त्रींनी तिला डोळे मिटायला सांगितले, तिचा हात धरून मॉडेलवरून फिरवला. "ही भेग. आता खाली ये. इथे वळ. आता सांग, कुठे आहेस?" महिनाभरात ती डोळे मिटून अख्खा मेंदू फिरून यायला लागली. पहिली आली, तिथेच शिकवायला लागली, पुढे विभागप्रमुख झाली. आता तिला सगळे बाई म्हणत. मिस्त्रीही बाई म्हणत, आणि ती समोरून गेली की पोरीचं कौतुक वाटावं तसे पाहत राहत.

आता बाईंच्या बोटांना जी खाच पहिल्याच महिन्यात लागली होती, ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, पुस्तक बरोबर. बाई म्हणाल्या, पुस्तक अपुरं. मोठे सर एकदा गमतीत बोलून गेले होते की हा मेंदू एका विद्वान न्यायाधीशाचा; खरं तर बादलीतल्या माणसाचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी दोन आणि दोन पाच केले. विद्वानाचा मेंदू, कपाळामागचा भाग, आणि तिथे एक आगळी खाच! त्यांनी तिचं नाव ठेवलं बुद्धीची खाच. मधल्या तुटक जागेला त्या पूल म्हणत. मग खऱ्या मेंदूंवर त्या ती शोधू लागल्या. बहुतेकांवर सापडत नसे. पण त्याने बाई खचल्या नाहीत. "सगळ्यांना कुठे असते बुद्धी!" त्या म्हणत.

मिस्त्रींच्या कानावर हे येई. बाईंना कुठलीतरी खाच सापडली आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. कुठली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. शिकलेल्या माणसांच्या भानगडीत कोण पडतो?

पडावं लागलं. कारण मिस्त्रींची एकुलती एक लेक त्याच कॉलेजात डॉक्टर व्हायला दाखल झाली होती. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. शरीररचनेत ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्या खेपेला नापास झालं की नाव कमी, हा नियम काळ्या दगडावरची रेघ.

दुसऱ्या खेपेच्या तोंडी परीक्षेला मिस्त्रींनी स्वतः मॉडेल आत नेऊन ठेवलं आणि ते दाराबाहेर स्टुलावर बसले. दार किलकिलं होतं. लेक धडाधड उत्तरं देत होती. मिस्त्रींचा ऊर भरून आला.

"आणि हे?" बाईंची पेन्सिल प्लास्टरवर टेकल्याचा आवाज आला. "ही खाच, आणि हा मधला पूल."

पेन्सिल पुन्हा एकदा टेकली.

"बोला."

"मॅडम, हे नख आहे."

"काय आहे?"

"नख. माझ्या बाबांच्या डाव्या अंगठ्याचं. आमच्या साबणाच्या वडीवर रोज सकाळी असतं."

मिस्त्रींनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, स्टुलासकट.

बाई ओरडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "सोमवारी निकाल लागेल. तोवर लेखी माफी आली नाही, तर तू नापास."

त्या संध्याकाळी घरात कुकरसुद्धा दबकून शिट्टी देत होता.

"अहो, नख तुमचंच ना?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"माझंच."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात काय? जाऊन सांगा."

"काय सांगू? अठ्ठावीस वर्षं अकरा मेंदूंवर माझं नख मिरवतंय म्हणून? चार महिन्यांनी निवृत्ती आहे. जाता जाता तोंडाला काळं फासून घेऊ?" मग त्यांनी लेकीकडे वळून आवाज मऊ केला. "पोरी, माग ना माफी. दोन ओळी लिहायच्या. एका नखापायी एवढं..."

"आणि उद्या पेशंटच्या डोक्यात तुमचं नख शोधत बसू?" लेक म्हणाली. "बाबा, मी नाही मागणार."

"हट्टात बापावर गेली आहे," मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "फक्त याच बाबतीत जायला नको होतं."

मिस्त्रींना तोंड काळं होण्याची भीती होती हे खरं. पण त्याच्या खाली दुसरं एक होतं, ते घरात कुणाला सांगता येईना. बाईंच्या आयुष्याचं काम त्या खाचेवर उभं होतं, आणि बाईंचा हात धरून ती खाच दाखवणारे आपणच. पोत्यावर बसून रडणारी ती पोर त्यांना सारखी दिसे. एका पोरीला वाचवायचं तर दुसरीच्या पायाखालची फळी काढायची. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही.

सोमवारी सकाळी ते ओल्या मातीचा गोळा घेऊन बाईंच्या खोलीत गेले. गोळा टेबलावर ठेवला, त्यात डावा अंगठा दाबला आणि शेजारी मॉडेल ठेवलं.

बाईंनी भिंग काढलं. मातीवर धरलं. मॉडेलवर धरलं. पुन्हा मातीवर.

"कसं झालं?"

"उचकी लागली होती."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "एकशे सत्तर मेंदू पाहिलेत मी, मिस्त्री. नऊ जणांवर सापडली होती मला ही खाच."

मिस्त्री गोंधळले. "त्या नऊ जणांवर माझं नख कसं जाईल?"

"बारीक खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. जुळ्या भावांच्यासुद्धा जुळत नाहीत. काहीतरी असेलच तिथे. मला मात्र तुमचं नख दिसलं." त्या खिडकीबाहेर पाहत बोलत राहिल्या, वर्गात बोलत तशा नव्हे, सावकाश. "दरवर्षी शिकवते मी पोरांना. लहान बाळाच्या मेंदूत गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या असतात. पायवाटाच जणू. ज्यांवरून पाय पडतात त्या रुळतात, बाकीच्या बुजून जातात. त्यालाच आपण शिकणं म्हणतो. फक्त पायवाट रुळली म्हणजे ती बरोबर ठिकाणी जाते असं नाही, हे शिकवायचं राहिलं."

"बाई, हात धरून मीच नेलं तुम्हाला त्या वाटेने."

"बाकीची वाट बरोबर होती ना? अख्खा मेंदू तुम्ही शिकवलात मला. एक उचकी सोडून." मग एकदम संशय येऊन त्यांनी विचारलं, "एकच ना? अजून काही नाही ना त्यावर?"

मिस्त्री घुटमळले. "उजवीकडे, मागच्या बाजूला... एक माशी बसली होती. पण ती मी पुसली, बाई. बहुतेक."

बाई आधी रागाने पाहत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते पुसणं जरा लांबलं. मिस्त्री तोवर छताकडे बघत उभे राहिले. तिथलं प्लास्टर त्यांनीच केलेलं होतं.

"मुलीला पाठवा," बाई म्हणाल्या. "प्लास्टरवर नाही, खऱ्या मेंदूवर विचारते. मार्क फुकट मिळणार नाहीत."

फुकट मिळाले नाहीत. बाईंनी तिला तास-दीड तास घुसळलं, आणि लेक काठावर पास झाली. मिस्त्री चार महिन्यांनी ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले. कॉलेजने कॅटलॉगमधून रंगीत प्लास्टिकचे मेंदू मागवले. त्यांचे भाग सुटे होतात आणि वर्षभरात हरवतात. लेक डॉक्टर झाली आणि तिने त्वचारोग हा विषय घेतला. नखं त्याच विषयात येतात, पण तिच्याकडे मुख्यतः मुरमांचे पेशंट येतात.