बंद न केलेली ठळक अक्षरं

ऑफिसात त्यांना सगळे तपासनीसबाई म्हणायचे. वेबपान कुणीही बनवो, बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय ते बाहेर पडत नसे. पानाचा पत्ता तपासणीच्या साइटवर टाकायचा, बटण दाबायचं आणि चुकांच्या लाल ओळी वाचून काढायच्या. टॅग म्हणजे अक्षरं ठळक वगैरे करणारी खूण, ती बंद करेपर्यंत पुढचं सगळं तसंच दिसतं. उघडलेला टॅग बंद झालाच पाहिजे, हा बाईंचा खाक्या.

घरी मात्र दिव्याखाली अंधार! नवरोबा रेडिओ दुरुस्त करणारे. कपाटं, डबे, टॅग, उघडलेलं काहीच बंद करायचे नाहीत. जुन्या रेडिओंबद्दल त्यांनी हौसेनं एकाच लांबलचक परिच्छेदाचं एक पान बनवलं होतं. बाईंनी ते तपासलं, तर सगळं लालेलाल. "अहो, टॅग बंद करायला काय पैसे पडतात?" तर म्हणे, "दिसतंय ना नीट? मग झालं तर!" खरंच नीट दिसायचं. ब्राउझर बिचारे चुका पोटात घालायचे. तपासणीच्या साइटला पोटच नाही. किती गोड भांडणं होती ती!

ते गेले, पान राहिलं. यंदा पान सांभाळणाऱ्या कंपनीनं कळवलं, की जुनी जागा बंद होतेय. बिनचूक पानंच नव्या जागी नेऊ, बाकीची पुसली जातील. बाई लेकीला शेजारी घेऊन कामाला बसल्या. एकेक लाल ओळ कमी होत गेली. शेवटी एकच उरली. "या सगळ्यात आमची ही सोबत होती," असं नवरोबांनी पानाच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं. 'आमची ही' ठळक केलं आणि टॅग बंद करायचं विसरले, म्हणून तिथून पुढे अख्खं पान ठळक.

"आई, 'ही'च्या पुढे बंद कर की," लेक म्हणाली.

बाईंनी केला. पान एकदम रोडावलं, परक्या कुणाचं वाटायला लागलं.

"हे नाही गं तुझ्या बाबांचं."

"पण चूक राहिली तर पान जाईल ना!"

बाईंनी बंद करायचा टॅग तिथून काढला आणि थेट पानाच्या तळाशी, शेवटच्या शब्दापुढे नेऊन ठेवला.

"चालतं असं?" लेकीनं विचारलं.

"बंद करा एवढाच नियम आहे. लगेच करा असं कुठे म्हटलंय?"

त्यांनी तपासणीचं बटण दाबलं. हिरवी पट्टी आली. 'आमची ही'पासून शेवटपर्यंत पान ठळकच होतं.