पार्किंगची बैठक आणि साडेचारची एसटी

मंडळी, आज माझी चांगलीच जिरली, पण काम झालं.

आमच्या विद्यापीठाच्या पार्किंग समितीची मी सचिव. आज चार वाजता बैठक होती. मिळालेला सगळा निधी स्टाफच्या गाड्यांच्या शेडसाठी वापरायचा, असा ठराव मीच टाइप करून नेला होता.

चार-दहाला विद्यार्थी प्रतिनिधी प्रतीक्षा उठली. ती रोज अल्लीपूरहून एसटीने येते. "मॅडम, साडेचारची बस हाय माही. फाट्यावर पायी जायले वीस मिनिटं लागते. निघू काय?"

अध्यक्ष म्हणाले, "थांब ना बेटा, तुमच्या सोयीचंच चालू आहे."

"सर, बस नाई थांबत."

मी फाइल उचलली. म्हटलं, "चला, उरलेली बैठक चालता चालता करू."

समितीचे आम्ही पाचही जण निघालो. रस्त्याला ना झाड, ना फुटपाथ. अर्ध्या वाटेत अध्यक्षांनी रुमाल काढून डोक्यावर धरला. फाट्यावर पोरंपोरी उन्हात ताटकळत होती. प्रतीक्षाला बस मिळाली.

शेडचा ठराव मी तिथेच खोडला. आधी फाट्यावर बसायला निवारा आणि तिथून गेटपर्यंत ई-रिक्षा, असं हातानेच लिहिलं. अध्यक्षांनी फाइल गुडघ्यावर ठेवून सही केली. परत आम्ही पायीच आलो.

आता खरं सांगते. चारची वेळ मीच ठरवली होती. माझी गाडी खाली दारातच उभी असते, त्यामुळे बसचा विचारच मनात आला नाही.

तुमच्याकडे अशा बैठकीची वेळ कोण ठरवतं, गाडीने येणारे की एसटीने येणारे?