आमच्या दाजींचं केळ्याएवढं पोट

आमचे दाजी एका जागी सलग पाच मिनिटं बसलेले ज्यानं पाहिलेत, असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. स्वतःच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, अंतरपाटाच्या कडेनं डोकं बाहेर काढून त्यांनी माझ्या वडिलांना "पानं मांडली का?" असं विचारलं होतं. जेवताना ते तीनदा उठतात. एकदा मीठ आणायला, एकदा दारात कोण आलंय ते बघायला आणि एकदा उगीच. दाढी अंगणात फिरत करतात, पेपर जिन्यात उभ्यानं वाचतात आणि आमच्या घरी आले की खुर्चीत बसायच्या आधीच "येतो पावणं" म्हणतात. अशा या माणसाचं वजन एकशे बेचाळीस किलो होतं. देवानं भिंगरीला पाटा बांधला होता म्हणा ना.

नोकरी मात्र त्यांना त्यांच्याच मापाची मिळाली होती. बावीस वर्षं ते एसटीच्या चंदगड गाडीवर कंडक्टर होते. कंडक्टरला बसायला सीट असते हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, पण त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. घाटात, पावसात, खच्चून भरलेल्या गाडीत ते पुढून मागं आणि मागून पुढं चालत राहायचे. एका अर्थानं आमचे दाजी कोल्हापूरहून चंदगडला रोज पायीच जायचे. आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर त्यांना कोणी ना कोणी खायला घालायचं. गडहिंग्लजला वडे, पुढं कुणाच्या घरचा फणस, कुणाची तांदळाची भाकरी. नेसरीच्या पुढं एका फाट्यावर एक म्हातारी दर बुधवारी बाजाराला म्हणून चढायची, ती भाजलेल्या काजूंची पुडी आणायची. तिला धड दिसायचं नाही आणि ऐकूही कमी यायचं. पण गाडीचं दार एका माणसानं काठोकाठ भरलं की आपला कंडक्टर आला, एवढं तिला कळायचं. दाजींनी या कुणालाही कधी नको म्हटलं नाही. "माणूस हातात घिऊन हुबा ऱ्हातोय, त्येला न्हाय कसं म्हनायचं?" हे त्यांचं तत्त्व, आणि ते तत्त्व वर्षानुवर्षं त्यांच्या पोटावर साठत गेलं.

शेवटी एका बाजारच्या दिवशी व्हायचं ते झालं. दोन सीटांच्या मधल्या वाटेत एकीकडून दाजी आणि दुसरीकडून मिरच्यांचं पोतं घेतलेला एक शेतकरी असे समोरासमोर आले आणि अडकले. पुढं सरकेनात, मागं सरकेनात. ड्रायव्हरनं गाडी थांबवून दाजींना पुढून ओढलं, मागून चौघांनी ढकललं, आणि त्या ओढाताणीत पोतं फाटलं. चंदगडपर्यंत सगळी गाडी शिंकत गेली. गुडघे दुखत होतेच, साखरही वाढली होती. डेपोचे साहेब म्हणजे भला माणूस. त्यांनी दाजींना हाताशी धरून समजावलं आणि स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत, माइकसमोर बसवलं.

बसवलं म्हणजे काय, कोंडलंच. दोन दिवसांत दाजींनी त्या माइकची वायर जाईल तिथपर्यंत फिरायला सुरुवात केली. इतर लोक नुसतं गाडीचं नाव आणि फलाट सांगतात. दाजी सांगायचे, "चंदगड गाडी लागल्याली हाय. गर्दी दिसत्या, पन भिऊ नगासा, गडहिंग्लजला निम्मी उतरत्यात." स्टँडवर लोक हसायचे. पण गाडी सुटताना ते खिडकीच्या गजांना धरून तिच्याकडे बघत उभे राहायचे, ते मला बघवायचं नाही. मीच त्यांना म्हणालो, "दाजी, वजन उतरवायचं ऑपरेशन असतं म्हणे." ते म्हणाले, "गाडीवर परत घेतील?" मी घेतील म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो कोण जाणे.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. पोटाला पाच बारीक भोकं पाडायची, आतल्या पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा, उरलेलं पोट केळ्याएवढं राहणार. दाजी तेवढ्यात दोनदा उठून वजनकाट्यापर्यंत जाऊन आले होते. म्हणाले, "कंचं केळं डाक्टर? जवारी का बसराई?" डॉक्टरांना हसू आवरेना. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, "ऑपरेशन पोटाचं होतं, मनाचं होत नाही. भूक कमी होईल, पण खावंसं वाटणं राहील. आयुष्यभर घासभर खायचं, चावून खायचं, गोळ्या घ्यायच्या, आणि नाही म्हणायला शिकायचं." यातलं शेवटचं ऐकताना आक्कानं माझ्याकडे पाहिलं.

ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ घ्यायचे होते. आहार सांगणारी मुलगी बाहेरगावची होती. दाजींनी तिला विचारलं, "पातळ म्हंजे वाटीला तोंड लावून पिता येतंय, असं?" ती "हो काका" म्हणाली आणि तिथंच घात झाला. कोल्हापुरात पांढरा रस्सा कुणी खात नाही, पितात. दाजी दोन आठवडे पांढरा रस्सा प्यायले. ओळखीच्या चार खानावळींना त्यांनी दिवस वाटून दिले होते. शिवाय पहाटे फिरायला म्हणून जाऊन गवळ्यांच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, आणि येताना उसाचा रस. काट्यावर उभे राहिले तेव्हा वजन तीन किलोंनी वाढलं होतं. ती मुलगी रडकुंडीला आली. दाजींना खरोखर कळेना काय चुकलं ते. "मटनाचा एक तुकडा तोंडात घातला आसंल तर आईची आन. नुसतं पातळ पिलोय की." ऑपरेशन पुढं ढकललं, आणि पुढचे दोन आठवडे आक्कानं रजा टाकून त्यांच्या मागं मागं फिरून काढले. तिचंच चार किलो उतरलं.

ऑपरेशनच्या दिवशी दाजींना आत न्यायची वेळ आली. स्ट्रेचरवर आडवं पडून राहणं त्यांना जमत नव्हतं, सारखे कोपरावर उठत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "पावणं, मानूस निम्मा झाला की त्येचं आनि काय काय निम्मं हुतंय वो?" मी त्यांचा हात दाबला. मग त्यांनी स्ट्रेचरच्या दांड्यावर अंगठीनं दोनदा टण टण वाजवलं आणि ढकलणाऱ्या मावशींना म्हणाले, "जाऊ द्या." आक्का पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून त्या बाहेरच्या पॅसेजमध्ये त्या दिवशी जेवढ्या फेऱ्या मारल्या, तेवढ्या दाजींनीही मारल्या नसत्या.

सगळं सुरळीत झालं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता थोडं चाला. डॉक्टरांचा हा एकच सल्ला दाजींनी जन्मात मनापासून पाळला. दुसऱ्या दिवशी ते सलाइनचा स्टँड ढकलत सगळ्या मजल्यावर फिरून आले, कोण कुठल्या गावचं, कुठली गाडी सोयीची, सगळं सांगून. घरी आल्यावर हाल सुरू झाले. पाणीसुद्धा घोटघोट प्यायचं. मग पातळ, मग मऊ, मग दोन चमचे भात अर्धा तास चावत. एका बारशात आग्रहाला बळी पडून एक जिलेबी खाल्ली, तर घाम फुटला, छाती धडधडायला लागली, आणि यजमानांच्या पलंगावर तासभर पडून राहावं लागलं. डोक्यावरचे केस गळाले, भर उन्हाळ्यात स्वेटर लागायला लागला. आक्काला दोन माणसांचा स्वयंपाक करायला येईना. ती डबे भरभरून शेजारी वाटायची.

मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. दाजींची खाण्याची हौस गेली नव्हती, फक्त पोट गेलं होतं. ते मला मिसळीला घेऊन जायचे, माझ्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "खावा पावणं, मी बघतो." मी घास घेतला की विचारायचे, "कट कसा हाय? जरा लसूण जास्त वाटतोय काय?" मी सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. त्यांना नको म्हणायची माझी काय टाप. त्यांचे पन्नास किलो उतरेपर्यंत माझे सहा चढले.

वर्षभरानं साहेबांनी कागद बघितले, दाजींना बघितलं, आणि चंदगड गाडी दिली. पहिल्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं, बुधवार होता. खाकी नवीन शिवली होती. जुन्या पँटीच्या आक्कानं बाजाराच्या दोन पिशव्या केल्या होत्या. दाजी सीटांना न घासता सुळकन मागं गेले आणि सुळकन पुढं आले, आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसले. पण वाटेत कुणी त्यांना हाक मारीना. वडेवाल्यानं "तिकडं सरका, पावणं" म्हटलं. दाजी हसले, पण जरा कमी.

नेसरीच्या पुढच्या फाट्यावर ती म्हातारी चढली. हातात पुडी होती. दारात तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि दाजींनाच विचारलं, "आमचा त्यो थोराड कंडाक्टर कुटं गेला रं बाळा? वरसाच्या वर झालं, दिसंना. दर बुधवारी पुडी माघारी न्यावी लागत्या. बरा हाय न्हवं?"

दाजींनी तिचा हात धरून तिला आत घेतलं. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "बरा हाय की आजी. दुसऱ्या गाडीवर असतोय."

"मग ही दे त्येला. पोटभर खा म्हनावं."

"देतो."

त्यांनी डबल बेल मारली आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी म्हणालो, "दाजी, सांगायचं की तुम्हीच तो म्हणून." ते म्हणाले, "सांगितलं की म्हनंल, एक घास टाक तोंडात. आनि खाता येत न्हाय म्हटलं तर फुडच्या बुधवारी आनायचीच न्हाय. कशाला तिचं बंद पाडा?" मग त्यांनी पुडी सोडली, एक काजू तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिले. चावून झाल्यावर पुडी माझ्यापुढं केली. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना नको म्हणालो. ती माझ्यासाठी नव्हती.

त्याला आता दीड वर्ष झालं. दर बुधवारी म्हातारी पुडी देते, दर बुधवारी दाजी तिला त्या जाड्या कंडक्टरची खुशाली सांगतात. बरा हाय, काजू आवडलं म्हनाला, गुडघं जरा दुखत्यात. आमच्याकडे आले की अजूनही बसायच्या आधी "येतो पावणं" म्हणतात आणि दारातून जातात, तेव्हा दोन्ही बाजूंनी बराच उजेड आत येतो. दाजी बरे आहेत, चालताहेत, गाडीवर आहेत, याचा आनंद मला आहेच. पण कधी कधी त्या भरलेल्या दाराची आठवण येते, आणि त्या म्हातारीसारखं मलाही त्या थोराड कंडक्टरची खुशाली विचारावीशी वाटते.