स्केटची अंडी आणि एकादशीचे शिंगाडे

दुपारपासून डोकं फिरून राहिलं, म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकात मी सौंसरला जीवशास्त्र शिकवायचो. स्केट हा चपटा समुद्री मासा मोजकीच अंडी घालतो, म्हणून जाळ्यात सापडला की लवकर कमी होतो, हे पोरांना दाखवायचं होतं. त्यासाठी कोकणातून त्याच्या अंड्यांची चार वाळलेली कवचं आणली. काळी, चिवट, कोपऱ्यांना शिंगं.

धड्याच्या दिवशी बरणी रिकामी. मी अख्खा वर्ग उन्हात उभा केला. कोणी कबूल झालं नाही.

आज रामाकोन्याला आमच्या जुन्या शिपायाकडे गेलो. त्याची बायको चहा देत म्हणाली, "सर, यांनी एकदा शाळेतून शिंगाडे आणले होते. एकादशीले दोन तास उकळले, शिजलेच नाही. तसेच चावून खाल्ले. पण एकादशी काही मोडली नाही मी, आजपर्यंत एकही नाही."

शिपाई छताकडे पाहून राहिला होता. मी चहा प्यालो आणि गुपचूप निघालो.

त्या वर्गातले बरेच जण या ग्रुपवर आहात. माफ करा मला. पण ती माऊली काय खाऊन बसली, हे तिला कोणी सांगायचं नाही. कोणाला सांगायचंच असेल, तर त्यानं आधी मला उन्हात उभं करावं.